रोज वीस धक्के, न सांगता

दोन पायांवर उभं राहणं ही मानवजातीची पहिली क्रांती होय. भाषा, शेती, राज्यं, ग्रंथ हे सगळं त्यानंतरचं. माणूस ताठ उभा राहिला, त्याचे हात मोकळे झाले आणि इतिहास सुरू झाला.

हा विचार मला चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या घराच्या मोरीत सुचला. त्या वेळी मी आडवी होते. गाल ओल्या फरशीला टेकलेला होता आणि मोकळ्या झालेल्या हातांनी मी बादलीची कडी धरली होती. घरातलं सगळंच फिरत होतं, पण बादली निदान माझ्याबरोबर फिरत होती.

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी संपादकांनी ‘आजारपणावर काहीतरी प्रेरणादायी’ मागितलं. प्रेरणा माझ्याकडे तेव्हा नव्हती, आजही नाही. पण गेल्या महिन्यात याच दुखण्यातल्या दोघांनी फोन करून एकच प्रश्न विचारला: “हे संपतं का हो?” त्या दोघांसाठी लिहिते आहे. उत्तर शेवटाकडे आहे. फार आशा ठेवू नये, फार सोडूही नये.

मंगळवार

मी अठ्ठावन्न वर्षांची. मूळची मिरजेची, लग्नानंतर तेहेतीस वर्षं चेन्नईत. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक आहे. जी परिपत्रकं इंग्रजीत कोणी वाचत नाही, ती मी हिंदीत आणते, म्हणजे ती दोन भाषांत न वाचलेली राहतात. नवरा श्रीनिवास बँकेतून निवृत्त झालेला. त्याची आई, अम्मा, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, आमच्याकडेच असतात.

हे घराणं तंजावरच्या मराठ्यांपैकी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज दक्षिणेत आले, येताना मराठी घेऊन आले, आणि मग महाराष्ट्रात त्या भाषेचं पुढे काय झालं याची त्यांनी चौकशी केली नाही. अम्मांची मराठी ती. मधे मधे तमिळ. माझ्या मराठीला त्या ‘पेपरातली’ म्हणतात.

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारच्या आधी चार दिवस मला ताप होता, साधाच. सकाळी डोळे उघडले तर पंखा बंद होता आणि छत फिरत होतं. उलटी येणार असं वाटलं म्हणून रांगत मोरी गाठली. तिथे पडले.

आवाजानं श्रीनिवास आला. “काय झालं?”

“घर फिरतंय.”

त्यानं वर छताकडे पाहिलं. बँकेतला माणूस, खातरजमा केल्याशिवाय मानत नाही.

पलीकडच्या खोलीतून अम्मांचा आवाज आला. “काय गे पडलं तिकडे?”

“सुमती पडली, अम्मा.”

“अय्यो. मला वाटलं बादली.”

अॅम्ब्युलन्समध्ये श्रीनिवासनं माझा हात धरला होता आणि तो दुसऱ्या हातानं फोनवर कुणाला तरी हळू आवाजात ‘स्ट्रोक’ म्हणत होता. तो शब्द हळू आवाजात म्हटला की जास्त ऐकू येतो. मी डोळे मिटून घेतले. मिटले की जास्त फिरायचं, उघडले की उलटी यायची. मरणाचा विचार मनात आला, पण टिकला नाही. टिकला तो हा: आज अम्मांची आंघोळ राहिली.

रिपोर्ट नॉर्मल

हॉस्पिटल एग्मोरच्या बाजूला होतं. पहिल्या दिवशीचं मला फक्त छत आठवतं, आणि एका तरुण डॉक्टरचं बोट. बोटाकडे बघा. आता नाकाला हात लावा. आता पुन्हा माझ्या बोटाला. त्याचं एक बोट मला दोन दिसत होतं आणि मी प्रामाणिकपणे विचारलं, कुठल्या बोटाला. त्यानं ते लिहून घेतलं.

सकाळी दहाला मोठे डॉक्टर येत. त्याआधी चादरी ताणल्या जात, नातेवाईकांना बाहेर काढलं जाई, आणि मग ते येत. आमच्या गल्लीतून देवळाची उत्सवमूर्ती निघते ती अशीच. मूर्तीमागे सात जण, एकाच्या हातात फाइल, सगळ्यांत मागचा फक्त मान हलवायला. छत्री तेवढी नव्हती.

“एमआरआय क्लीन,” त्यांनी फाइलला सांगितलं. “नो स्ट्रोक. व्हेरी गुड.”

मग फाइलच्या वतीनं मी विचारलं, की मग मला उभं का राहता येत नाही. त्यांनी सांगितलं ते असं. दोन्ही कानांच्या आत तोलाची खबर मेंदूला पोचवणारी एकेक नस असते. उजवीकडची माझी तापानं सुजून गप्प झाली आहे. आता मेंदूला एका बाजूच्या बातम्या येतात, दुसऱ्या बाजूनं काहीच नाही, म्हणून त्याला वाटतं आपण गरगर फिरतो आहोत. नस कदाचित थोडीफार परत येईल, कदाचित नाही.

“नाही आली तर?”

“ब्रेन विल मॅनेज.”

“ब्रेन म्हणजे माझाच ना?”

शेवटचा मान हलवणारा हसला, मग मोठ्या डॉक्टरांकडे बघून थांबला. मिरवणूक पुढच्या खाटेकडे गेली.

रिपोर्ट नॉर्मल आल्यावर लोकांची सहानुभूती निम्मी झाली. ‘कानाचं आहे म्हणे’ असं एक नातेवाईक दुसऱ्याला सांगताना मी ऐकलं. सुरात थोडी निराशा होती. नॉर्मल रिपोर्ट असलेली मी दोन्ही हातांनी भिंत चाचपत संडासला जात होते. याच दुखण्यातून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुमच्या आत काही तुटलं आहे आणि ते फोटोत येत नाही, इतकंच.

हॉस्पिटलातल्या सहा दिवसांत ज्या एका गोष्टीनं आराम पडला तिचं बिल लागलं नाही. एका नर्सनं समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीचे दोन तुकडे फुलीसारखे लावले आणि म्हणाली, “फिरायला लागलं की इकडे बघायचं. हे हलत नाही.” ती फुली मी तासन्‌तास बघितली. घरी निघताना मला ती काढून न्यावीशी वाटली. श्रीनिवास म्हणाला, “घरी नवीन लावू.” लावलीही, चार ठिकाणी.

अकरा पावलं

आता अडचण काय होती ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी अम्मांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी त्यांना पलंगावरून उठवून, एका हातानं कमरेला आणि दुसऱ्यानं दंडाला धरून मोरीपर्यंत न्यायचं, स्टुलावर बसवून आंघोळ घालायची, हे काम माझं. पलंग ते मोरी अकरा पावलं. मुलाच्या हातून आंघोळ अम्मांना चालत नाही. आंघोळ घालायला आणलेल्या तीन बायका त्यांनी घालवल्या, प्रत्येकीला वेगळ्या कारणानं. मी आजारी पडल्यावर चौथी आली. तिच्यासमोर अम्मा तोंड मिटून बसत. तक्रार न करणाऱ्या अम्मा मी लग्नानंतर प्रथमच बघितल्या, आणि मला ते आवडलं नाही.

धाकटा दीर वेंकट कोइमतूरला असतो. त्याचं बोलणं सरळ असतं. त्यानं फोन केला. “मन्नी,” म्हणजे वहिनी, “तुम्हालाच धरायला माणूस लागतं. अम्मांना कोण धरणार? दिवाळीनंतर मी गाडी घेऊन येतो. इकडे नर्स ठेवू, रॅम्प केला आहे, सगळी सोय आहे.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. सोय खरीच उत्तम होती. फोन ठेवल्यावर श्रीनिवासनं अम्मांना सांगितलं. त्या हॉलमधल्या ऊंजलवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या होत्या.

“कोयमुत्तूरात मी कोणाशी बोलू?” त्या म्हणाल्या.

“वेंकट आहे, अम्मा. त्याची मुलं आहेत.”

“त्याची मुलं माझ्याशी इंग्लीष बोलतात. वेंकट तमिळ बोलतो. नर्स काय बोलेल कोण जाणे.” मग माझ्याकडे काठी दाखवून म्हणाल्या, “हिची मराठी पेपरातली आहे. पण भांडायला पुरते.”

तेहेतीस वर्षांत माझ्याबद्दल निघालेलं हे सर्वांत प्रेमळ वाक्य. ऐकताना मी भिंतीवरच्या फुलीकडे बघत होते, त्यामुळे मला नीट आनंद घेता आला नाही.

दिवाळीला साडेनऊ आठवडे होते.

वरची सही

तोलाचे व्यायाम शिकवणारी कविता आमच्यापासून दोन गल्ल्यांवर बसते, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तोल गेलेले सगळे पेशंट एकेकाला धरून तो जिना चढतात. मी तिला हे बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “मॅडम, वर पोचलात ना? मग पहिला व्यायाम झाला.”

कविता तिशीतली, कमी बोलणारी आणि स्वतःच्या कामाची जाहिरात न करणारी बाई. पहिल्या दिवशी तिनं मला फक्त उभं राहायला सांगितलं आणि माझे पाय बघत राहिली.

“तुम्ही काय करताय माहितेय का? पोटरी आणि नडगी, दोन्ही बाजूंनी एकदम आवळताय. गुडघे, कंबर, मान, सगळं घट्ट. का?”

“पडू नये म्हणून.”

“म्हणूनच पडता. लाकडी कपाटाला धक्का दिला तर ते वाकत नाही, आडवं होतं.” मग तिनं जे सांगितलं ते मी तेव्हापासून पाच-सहा जणांना सांगितलं आहे. “उभं राहणं असं काही नसतं, मॅडम. माणूस सारखा थोडा थोडा पडत असतो आणि सावरत असतो. आधी तुम्हाला ते कळत नव्हतं. आता कळायला लागलंय, एवढाच फरक.”

धक्का बसला की पहिलं उत्तर मेंदूच्या खालच्या भागातून जातं, ती म्हणाली. विचार पोचायच्या आत. ते पुरलं नाही तर मग वरचा मेंदू लक्ष घालतो, पण त्याला वेळ लागतो. घाबरलेल्या माणसाचा वरचा मेंदू सुरुवातीपासूनच मधे येतो.

हे मला लगेच समजलं, कारण माझी सगळी नोकरी यातच गेली आहे. पूर्वी माझे पाय आपलं काम खालच्या खाली उरकत. खड्डा आला, पाऊल वळलं, कोणी वर कळवतही नसे. आता एक घोटाळा झाला होता आणि त्यानंतर वरच्या मेंदूतल्या साहेबांनी हुकूम काढला होता, की यापुढे प्रत्येक पाऊल माझ्या सहीसाठी यावं. साहेब हुशार आहेत, खूप वाचलेले आहेत, पण त्यांना चालण्यातलं काही कळत नाही. फाइल वर जाते, शेरा मारून खाली येते, तोपर्यंत मी कपाटावर आदळलेली असते.

आणि यात थकवा किती येतो ते बाहेरून दिसत नाही. बेसिनपर्यंत जाऊन तोंड धुवायचं म्हणजे दिवसभर इन्स्पेक्शन झाल्यासारखं वाटे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी मागे कलत असे. गल्लीत दारोदारच्या कोलमच्या रेषा बघितल्या की त्या वळवळायच्या, म्हणून त्या नाजूक पांढऱ्या रांगोळ्या, ज्यांचं मी पाहुण्यांसमोर तेहेतीस वर्षं कौतुक केलं, त्यांच्याकडे न बघता चालायची. संध्याकाळी सहाला माझं शहाणपण, भूक आणि सभ्यता एकदमच संपायची. श्रीनिवासनं एकदा विचारलं, “सूप घेतेस की रसम?” मला रडू आलं. प्रश्नात दोन पर्याय होते.

साहेबाला गुंतवून ठेवायची एक युक्ती कवितानं सांगितली. चालताना डोक्याला दुसरं काम द्यायचं. मी एकोणतीसचा पाढा निवडला. एकोणतीस सक्के म्हणेपर्यंत पाय पाच पावलं गेलेले असत आणि साहेब अजून पाढ्यातच.

धक्के

पण खरं औषध धक्का. क्लिनिकमध्ये कविता मला कोपऱ्यात उभं करी, मागे दोन भिंती, पुढे खुर्ची. मग बोलता बोलता खांद्याला, कमरेला, पाठीला धक्का देई, हलकाच, पण न सांगता. खालच्या मेंदूला पुन्हा कामाची सवय लागावी म्हणून.

“घरी रोज वीस,” ती म्हणाली. “घरातल्या कुणीही द्यावेत. अट एकच, सांगून द्यायचे नाहीत.”

श्रीनिवासला हे जमलं नाही. हा माणूस बँकेत कर्ज नाकारतानासुद्धा चहा विचारायचा. तो माझ्यासमोर उभा राहून हात पुढे करी आणि म्हणे, “देऊ?”

“विचारायचं नाही.”

“बरं.” मग तो एक पाऊल मागे सरे. “आता देतो हां.”

चार दिवसांत त्यानं मला एकही उपयोगी धक्का दिला नाही. पाचव्या दिवशी तो तिसऱ्यांदा ‘सॉरी’ म्हणाला तेव्हा ऊंजलवरून आवाज आला.

“शीनू, पोदुम. पुरे झालं. तू कॉफी कर जा. मी देते.”

“अम्मा, तुम्ही कशा देणार?” मी म्हटलं.

अम्मांनी काठी उचलली. काठीच्या टोकाला जाड रबर होतं. “हिच्यानं.”

मी कविताला फोन केला. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बघून गेली. मी कोपऱ्यात, पुढे खुर्ची, बाजूला अम्मा त्यांच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसलेल्या, काठी मांडीवर. अम्मा कविताला तिच्या लग्नाबद्दल विचारत होत्या, सासर कुठलं, सासू बरोबर राहते का, आणि त्या वाक्याच्या मधेच काठीचं रबर माझ्या कमरेला लागलं. मी खुर्चीची पाठ धरली.

“सुपर, पाट्टी,” म्हणजे आजी, कविता म्हणाली. “टायमिंग सुपर.”

“तेहेतीस वर्षं वाट बघितली,” अम्मा म्हणाल्या.

सासूनं सुनेला रोज वीस वेळा ढोसावं असं तमिळमध्ये लिहिलेला कागद आमच्या फ्रिजवर लागला. मी तो शेजाऱ्यांपासून लपवला. अम्मांनी तो शेजाऱ्यांना दाखवला.

सुरुवातीला त्या प्रत्येक धक्क्याआधी एक जुनी गोष्ट काढत. “माझ्या बहिणीच्या लग्नाला तू ती पांढरी साडी नेसून आलीस गे.” धक्का. “ती मोतिया होती, अम्मा.” “शीनूचा पहिला पगार झाला तेव्हा तू मिरजेला निघून गेलीस.” धक्का. आठवडाभरात माझ्या ध्यानात आलं की तक्रार सुरू झाली की आवळून उभं राहायचं. हे कविताच्या ध्यानात आलं आणि तिनं अम्मांना समजावलं की सूचना मिळता कामा नये. अम्मांनी ते मनावर घेतलं. तेव्हापासून धक्के तक्रारीशिवाय येऊ लागले, आणि तक्रारी धक्क्याशिवाय.

मी सुधारत होते का? कळत नव्हतं. एक दिवस बारा पावलं हात न लावता, दुसऱ्या दिवशी दोन. या दुखण्यात सरळ चढण नसते. मी कविताला विचारलं, दिवाळीपर्यंत होईल का. ती म्हणाली, “मेंदूला दिवाळी माहीत नाही, मॅडम.” एका सकाळी मी हट्टानं अम्मांना उठवायला गेले. त्यांचं वजन माझ्या हातावर आलं आणि सगळी खोली उजवीकडे गेली. आम्ही दोघी पलंगावर बसलो, पडलो म्हणणं बरोबर नाही. अम्मांनी पदर सारखा केला. नंतर चौथ्या बाईबरोबर आंघोळीला गेल्या, तोंड मिटून.

त्या दिवशी एकवीस धक्के मोजले मी. एक जादा होता.

ऊंजल

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही श्रीनिवासकडून.

आमच्या हॉलमध्ये ऊंजल आहे, चार साखळ्यांचा लाकडी पाट. अम्मा गेली साठ वर्षं त्यावर बसून झोके घेतात. हाड मोडल्यावरही पायाच्या अंगठ्यानं हलकेच हलवत राहायच्या. साखळीचा कुरकुर आवाज हा आमच्या घराचा आवाज. मी हॉस्पिटलातून आले त्या दिवशी हलता पाट बघून मला हॉलच्या मधोमध उलटी झाली होती.

ऑक्टोबर अर्धा झाल्यावर एकदा मी म्हटलं, “घर फार शांत वाटतंय.”

श्रीनिवास म्हणाला, “ऊंजल हलत नाही ना. अम्मांनी त्याच दिवसापासून झोका बंद केला. बसतात, पण पाय खाली टेकून.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“त्याच म्हणाल्या, हिला सांगू नको, ही उगाच आभार मानेल.”

मी आभार मानले नाहीत. मोतिया साडीबद्दल मात्र त्या दिवशी वाद घातला नाही.

कॉफी

दिवाळी झाली, आणि पुढच्या रविवारी वेंकट आला. गाडीच्या मागच्या सीटवर उशा रचून आणल्या होत्या. माणूस वाईट नाही, फक्त त्याची तयारी पूर्ण असते.

तो हॉलमध्ये बसला. अम्मा आपल्या उंच खुर्चीत, काठी मांडीवर. श्रीनिवास स्वयंपाकघरातून कॉफी आणायला उठला तेव्हा मी म्हटलं, मी आणते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बसला. डिकॉक्शन त्यानं आधीच काढलं होतं. मी दूध ओतलं, टंबलर काठोकाठ भरला, डबऱ्यात, म्हणजे खालच्या खोलगट वाटीत, ठेवला आणि निघाले. स्वयंपाकघर ते हॉल चौदा पावलं. एकोणतीस एके एकोणतीस.

“मन्नी चालताहेत की,” वेंकट म्हणाला. मग मोठ्या भावाकडे वळून तमिळमध्ये: “पण चालणं वेगळं, आणि अम्मांना धरून चालणं वेगळं. उद्या अम्मा जरा हलल्या तर दोघी पडतील. रोज कोण बघणार?”

त्याचं बरोबर होतं. मी तेच रोज अंथरुणात स्वतःला सांगत होते. एकोणतीस पाचे. मी अम्मांच्या खुर्चीजवळून पुढे गेले.

काठी मागून आली, कमरेच्या डाव्या बाजूला, आणि रोजच्यापेक्षा जोरात.

पुढे काय झालं ते मी क्रमानं सांगू शकते, कारण मला ते तेवढं स्पष्ट दिसलं. आधी माझं उजवं पाऊल आडवं पडलं. मग कंबर वळली. मग कोपर खाली गेलं आणि डबरा सरळ राहिला. टंबलरातली थोडी कॉफी सांडली, ती डबऱ्यात. डबरा असतो त्याचसाठी. मग सगळं थांबलं, मी उभी होते, आणि त्यानंतर मला भीती वाटली. भीती शेवटी आली. तीन महिन्यांत प्रथमच साहेबांना बातमी काम झाल्यावर कळली.

“अम्मा!” वेंकट उठून उभा राहिला होता. “काय करताय? वेड लागलंय का?”

“बस खाली,” अम्मा म्हणाल्या. “बघितलास? पडली?”

“पडल्या असत्या तर?”

“रोज वीस वेळा देते. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलंय. फ्रिजवर आहे, वाच जा.” मग काठी पुन्हा मांडीवर ठेवून: “तुझी ती नर्स उभी करून बघ. कॉफीसकट.”

वेंकट फ्रिजपर्यंत गेला, कागद वाचला, परत आला. मी त्याच्यासमोर कॉफी ठेवली. तो बराच वेळ डबऱ्यातली सांडलेली कॉफी टंबलरात ओतत बसला. श्रीनिवास तोंडावर हात ठेवून खिडकीकडे बघत होता.

“पोंगलपर्यंत बघू,” वेंकट शेवटी म्हणाला.

उशा त्यानं गाडीतून काढल्या नाहीत. रिकाम्या सीटवर रचलेल्या तशाच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अम्मांना उठवलं. एक हात कमरेला, एक दंडाला. श्रीनिवास मागे, हात पुढे करून, न सांगता. अकरा पावलं गेलो. सातव्या पावलाला खोली जरा उजवीकडे गेली, परत आली. मोरीत स्टुलावर बसल्यावर अम्मांनी तांब्यात बोट घातलं.

“पाणी फार ऊन केलंस गे,” त्या म्हणाल्या. नोव्हेंबरपासून ही रोजची तक्रार आहे. चौथी बाई आता दुसऱ्या घरी जाते.

संपतं का हो?

नाही, पूर्ण नाही. अंधारात मी अजून भिंत धरते. मरीनाच्या वाळूत चप्पल काढून चालायला लागले की पाढा लागतो. ज्या दिवशी झोप अपुरी होते, त्या दिवशी सगळं ऑगस्टसारखं वाटतं, आणि संध्याकाळी सहानंतर मला दोन पर्यायांचे प्रश्न कोणी विचारू नयेत. उजवी नस परत आलेली नाही असं नवा रिपोर्ट म्हणतो. मेंदूनं तिच्याशिवाय चालवायला घेतलं आहे. ऑफिसातही कुणी निवृत्त झालं की असंच होतं, जागा भरत नाहीत आणि काम कसंतरी चालतं.

पण फोन करणाऱ्या त्या दोघांना एवढं सांगते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लाजू नका. आवळून उभे राहू नका. थकलात तर झोपा, तो आळस नव्हे. आणि धक्का द्यायला असं माणूस शोधा, ज्याला तुम्ही पडायला नको आहात पण ज्याला धक्का द्यायला आवडतं. दोन्ही गुण एकत्र क्वचित सापडतात.

पोंगल येऊन गेला. वेंकट आला होता, ऊस घेऊन, उशा न घेता. ऊंजल पुन्हा हलतो; मी त्याच्याकडे पाठ करून बसते. नोव्हेंबरच्या अखेरीसच कवितानं माझी शेवटची तपासणी करून नवा कागद दिला होता. तोही फ्रिजवर आहे, जुन्याच्या शेजारी. त्यावर लिहिलं आहे की प्रगती समाधानकारक असून धक्क्यांचा व्यायाम आता बंद करण्यास हरकत नाही.

हा कागद मात्र इंग्रजीत आहे. अम्मांना इंग्रजी वाचता येत नाही.